दुप्पट विटा, कुलूपबंद कढया

इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये मेशॅम नावाचं गाव आहे. तिथल्या काही जुन्या इमारतींच्या भिंती जवळून पाहिल्या की माणूस गोंधळतो. दारं-खिडक्या नेहमीच्या मापाच्या, विटा मात्र राक्षसी. एकेक वीट आपल्या ओळखीच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट जाड. गवंड्याच्या एका हातात मावेल एवढी वीट असावी, हा बांधकामातला फार जुना शहाणपणा. तो इथे मोडला गेला तो पार्लमेंटच्या एका कायद्यामुळे.

अमेरिकेतल्या वसाहती हातच्या गेल्या होत्या आणि युद्धाचं कर्ज तेवढं मागे राहिलं होतं. ते फेडायला १७८४ साली विटांवर कर बसला आणि तो बसला नगावर: हजार विटांमागे अडीच शिलिंग. मेशॅमचा कारखानदार जोसेफ विल्क्स याने सरळ हिशेब केला की कर नगावर असेल तर नगच मोठा करावा. लोक त्याच्या या विटांना ‘गॉब’ म्हणू लागले. सरकारही काही झोपलेलं नव्हतं. १८०३ मध्ये मोठ्या विटांना दुप्पट दर लागला आणि ती युक्ती संपली. पण भिंती उभ्या राहिल्या. करवसुलीचा इतिहास लोक दप्तरांत शोधतात, इथे तो गिलावा न केलेल्या भिंतीतच वाचता येतो.

या कराचं नाव एक्साइज. आपल्याकडे अबकारी म्हटलं की दारूच आठवते, पण त्या काळच्या इंग्लंडात एक्साइज घराच्या कानाकोपऱ्यात पोचलेला होता. बिअर, माल्ट, मीठ, साबण, मेणबत्ती, कातडं, कागद, काच, भिंतीवर चिकटवायचा छापील कागद. जकात बंदरात घेतात, माल बाहेरून येतो तेव्हा. एक्साइज घेतात देशातच, माल जिथे तयार होतो किंवा साठवला जातो तिथे. फरक एवढाच दिसतो, पण शे-दीडशे वर्षं इंग्लंडात जी भांडणं झाली, दंगली झाल्या, पुतळे जळले, त्या सगळ्याचं मूळ याच फरकात आहे. बंदरावरचा जकातदार तुमच्या घरी येत नाही. एक्साइजवाला येतो.

सुरुवात १६४३ ची. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांचं यादवी युद्ध पेटलेलं, आणि पार्लमेंटच्या सैन्याला पगार हवा होता. जॉन पिम या पुढाऱ्याने हॉलंडकडे पाहून हा कर आणला. बिअरपासून सुरू झालेली यादी वर्षभरात मांस आणि मिठापर्यंत गेली. फेब्रुवारी १६४७ मध्ये लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात एका बैलाच्या खरेदीवरून वाद झाला आणि खाटीक व गिऱ्हाइकांच्या जमावाने एक्साइजची कचेरीच जाळून टाकली. त्याच वर्षी मांसावरचा कर उठला. बिअरवरचा राहिला.

मग १६६० मध्ये राजेशाही परत आली आणि तेव्हा जे घडलं ते मला या साऱ्या कथेतलं सर्वात धीट पाऊल वाटतं. बड्या जमीनदारांना आपल्या जमिनींपोटी राजाला काही जुनी सरंजामी देणी द्यावी लागत. ती कायमची रद्द झाली. राजाचं नुकसान भरून कसं काढलं? बिअरवरचा एक्साइज त्याला वंशपरंपरेने तोडून दिला. जमीनदाराचं ओझं हमालाच्या आणि विणकऱ्याच्या पेल्यात गेलं, आणि तेही असं की पिणाऱ्याला कळू नये. कर भरायचा बिअर बनवणाऱ्याने, वसूल व्हायचा किमतीतून.

न कळणारा कर असूनही लोक चिडत ते दारात उभ्या राहणाऱ्या माणसामुळे.

या माणसाला ‘गेजर’ म्हणत. त्याचं काम मोजण्याचं. आता पिंप मोजणं हे काही सोपं गणित नाही. मध्ये फुगीर, टोकांना निमुळतं, बऱ्याचदा अर्धवट भरलेलं, कधी आडवं पडलेलं. त्यात किती गॅलन आहे? ग्रहांच्या कक्षा शोधणाऱ्या केप्लरलाही या प्रश्नाने झपाटलं होतं आणि १६१५ मध्ये त्याने दारूच्या पिंपांच्या घनफळावर अख्खं पुस्तक लिहिलं. ते गणित इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून रोज करणारी माणसं म्हणजे हे गेजर. त्यांना दशांश अपूर्णांक यावे लागत, वर्गमूळ-घनमूळ काढता यावं लागे. १६८३ साली टॉमस एव्हरर्ड या एक्साइज अधिकाऱ्याने खास पिंपांसाठी लाकडी स्लाइड रूल तयार केली. पट्टी सरकवायची आणि उत्तर वाचायचं. पुढे इंजिनिअर लोकांच्या खिशात जी स्लाइड रूल कॅल्क्युलेटर येईपर्यंत राहिली, तिच्या घराण्यातली ही एक कर्तबगार पूर्वज.

त्याच १६८३ मध्ये सरकारने वसुलीचे मक्ते बंद करून स्वतःचे पगारी नोकर नेमायला घेतले. १६९० च्या सुमारास असे बाराशे लोक होते, १७८० च्या दशकात जवळजवळ पाच हजार. त्यांची नेमणूक मुद्दाम गावापासून लांब होई, बदल्या वरचेवर होत, म्हणजे कुणाशी लागेबांधे जुळू नयेत. प्रत्येक फेरीचं माप व्यापाऱ्याच्या जागी ठेवलेल्या कागदावर आणि स्वतःच्या वहीत लिहायचं. मागून वरिष्ठ न सांगता येऊन तेच पिंप पुन्हा मोजणार. आकडे जुळले नाहीत तर नोकरी गेली. सरदाराच्या चिठ्ठीवर नोकऱ्या मिळण्याच्या त्या काळात परीक्षा, वही आणि तपासणी यांवर चालणारं हे खातं युरोपात विरळाच होतं. लोकांनी शिव्या घातल्या त्या याच खात्याला, आणि बऱ्याचदा ते काम नीट करायचं म्हणूनच.

या खात्यातून हाकलल्या गेलेल्या एका गेजरचं नाव टॉमस पेन. १७६५ मध्ये, माल न पाहताच वहीत आकडे भरले म्हणून त्याला काढलं. परत घेतलं. १७७२ मध्ये त्याने गेजर लोकांच्या तुटपुंज्या पगारावर पार्लमेंटसाठी पत्रक लिहिलं: वर्षाला पन्नास पौंड, त्यातून घोड्याचाही खर्च. १७७४ मध्ये तो पुन्हा बडतर्फ झाला आणि अमेरिकेला निघून गेला. जानेवारी १७७६ मध्ये त्याचं ‘कॉमन सेन्स’ छापून आलं आणि अमेरिकेतल्या लोकांनी राजा झुगारायची भाषा उघडपणे सुरू केली. पगारवाढ दिली असती तर काय झालं असतं, हा विचार लंडनमधल्या एखाद्या कारकुनाने पुढे केला असेल का, कोण जाणे. दुसरा प्रसिद्ध गेजर म्हणजे स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स. आठवड्याला दोनशे मैल घोड्यावरून हिंडून तो पिंपं मोजायचा, आणि याच नोकरीत असताना त्याने असं गाणं रचलं की सैतान एक्साइजवाल्याला उचलून नेतो आणि सगळं गाव आनंदाने नाचतं.

खरा भडका उडाला तो १७३३ मध्ये. रॉबर्ट वॉलपोल तेव्हा पंतप्रधानासारखाच कारभार पाहत होता. त्याचा बेत कागदावर तरी निरुपद्रवी होता. तंबाखू आणि वाइनवर जकात होतीच, पण तिच्यात चोरी अफाट. व्यापारी तंबाखू उतरवून घेत, परदेशी पाठवतो म्हणून भरलेली जकात परत मागत, आणि तोच माल रात्री दुसऱ्या किनाऱ्यावर उतरवत. वॉलपोल म्हणाला, माल आला की सरकारी देखरेखीतल्या गोदामात ठेवा. परदेशी पाठवायचा तर कर नाही, देशात विकायला काढाल तेव्हा एक्साइज भरा. नवा कर नाहीच, जुन्याचीच वसुली नीट. वर जमीनदारांच्या शेतसाऱ्यात सूट.

पण एक्साइज हा शब्द बाहेर पडला आणि देश पेटला. आज तंबाखू, उद्या भाकरी, परवा अंगावरचे कपडे, अशी हाकाटी झाली. ‘द क्राफ्ट्समन’ हे विरोधकांचं पत्र आठवड्यामागून आठवडे तोफा डागत राहिलं. चित्रांच्या दुकानांत वॉलपोलची गाडी ओढणारा अनेक तोंडांचा ड्रॅगन झळकला. गर्दीच्या घोषणांत लाकडी जोडे आले. फ्रान्सचा कंगाल शेतकरी लाकडी जोडे घालतो, आणि अशा करांनी इंग्रजांवरही तीच पाळी येईल, असा त्याचा अर्थ. पन्नासहून अधिक मतदारसंघांनी आपापल्या सभासदांना लेखी बजावलं की या विधेयकाला पाठिंबा द्याल तर याद राखा. मार्चमध्ये वॉलपोलचं मताधिक्य ६१ होतं, १० एप्रिलला ते १७ वर आलं. दुसऱ्या दिवशी त्याने विधेयक लांबणीवर टाकलं, म्हणजे गुंडाळलंच. त्या रात्री लंडनमध्ये होळ्या पेटल्या आणि त्यांत वॉलपोलचा पुतळा जळला. सभागृहातून बाहेर पडताना खुद्द वॉलपोललाही जमावाने घेरून धक्काबुक्की केली.

या आंदोलनाकडे पाहताना माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. भाकरीवर कर येणार ही बोंब खोटीच होती, आणि ती उठवण्यात ज्या तंबाखूवाल्यांची चोरी बंद होणार होती त्यांचा हात मोठा होता. पण रस्त्यावरच्या माणसाची भीती खोटी नव्हती. एक्साइजच्या अधिकाऱ्याला मालाच्या जागेत दिवसा वॉरंटशिवाय शिरता येई, रात्री सोबत शिपाई घेतला की झालं. आणि खटला उभा राहिला तर तो ज्यूरीपुढे जात नसे. एक्साइजचे कमिशनर किंवा स्थानिक मॅजिस्ट्रेटच तो निकाली काढत. ज्या दुकानदाराचं राहतं घर दुकानाच्या मागेच असे, त्याने आपलं घर कुठे संपतं आणि सरकारची हद्द कुठे सुरू होते, हे कसं सांगायचं? वॉलपोलची गोदामं पुढे आलीच, तंबाखूही १७८९ मध्ये एक्साइजखाली गेली, आणि तेव्हा सरकार डगमगलं नाही.

तीस वर्षांनी, १७६३ मध्ये, हाच प्रश्न आणखी उघडा पडला. सफरचंदाच्या रसापासून होणाऱ्या सायडरवर पिंपामागे चार शिलिंग कर आला, आणि तो बनवणाऱ्यावर. हेरफर्डशायर, डेव्हन या भागांत सायडर घरोघरी, आपल्या बागेच्या फळांतून बनायची. आता अधिकारी दुकानात नव्हे तर चक्क घरात येणार. विल्यम पिट हा पुढारी पार्लमेंटमध्ये बोलला तो सूर आजही अमेरिकेतल्या न्यायालयांत आठवला जातो: गरिबाची झोपडी कितीही मोडकी असो, वारा-पाऊस आत येईल, पण राजाने उंबरा ओलांडायचा नाही. कर १७६६ मध्ये मागे घेतला गेला. या चिडीला पंडितही अपवाद नव्हते. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या शब्दकोशात एक्साइजच्या नोंदीत असा राग काढला की कमिशनर वकिलाकडे धावले. वकिलाने सांगितलं, बदनामी आहे खरी, पण खटला भरू नका. नोंद तशीच राहिली. जॉन्सनच्या पुस्तकविक्रेत्या बापालाही कातडी कमावण्याच्या धंद्यावरून एक्साइजवाल्यांनी छळलं होतं, हे लक्षात घेतलं की त्या नोंदीतला दंश समजतो.

राजकारणापेक्षाही मला भूल पडते ती वस्तूंची. कर जिथे जिथे शिवला तिथे वस्तूचं रूपच पालटलं.

मेणबत्त्यांवर १७०९ च्या कायद्याने कर आला आणि परवान्याशिवाय घरी मेणबत्त्या बनवायला बंदी झाली. सूट मिळाली फक्त एका दरिद्री दिव्याला: लव्हाळ्याच्या जातीचं गवत सोलून, त्याचा गाभा स्वयंपाकघरातल्या चरबीत एकदा बुडवून केलेली वात. तुकोबांमुळे लव्हाळं पुरात वाचतं हे आपल्याला ठाऊक आहे. इंग्लंडात ते कराच्या पुरातही वाचलं. सेलबोर्न गावचा पाद्री आणि निसर्गवेडा गिल्बर्ट व्हाइट याने १७८९ च्या आपल्या पुस्तकात त्याचा हिशेबच मांडला आहे. एक पौंड सुक्या गवतात सोळाशेच्या वर काड्या, एकेक सरासरी अर्धा तास जळते, चरबीसकट सगळा खर्च तीन शिलिंग. म्हणजे तीन शिलिंगांत आठशे तास उजेड, एका फार्दिंगला साडेपाच तास. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. मेणबत्तीवरचा कर १८३१ पर्यंत टिकला.

साबणाची गंमत वेगळी. १७१२ पासून त्यावर कर होता आणि नेपोलियनशी झालेल्या युद्धानंतर तो पौंडामागे तीन पेन्सवर पोचला. चोरून साबण शिजवू नये म्हणून रात्री अधिकारी कढयांच्या झाकणांना आणि भट्ट्यांना कुलपं लावून जात. कढई कधी पेटवणार हे कारखानदाराने आधी कळवायचं. आयर्लंडमध्ये मात्र साबणावर कर नव्हता, आणि तिकडे माल पाठवला तर इंग्लंडात भरलेला कर परत मिळे. मग काय, साबण आयरिश समुद्र ओलांडून जाई, कर परत मिळे, आणि साबण चोरवाटेने पुन्हा इंग्लंडात येई. शहरांत कॉलरा पसरत असतानाही स्वच्छतेवर कर चालूच होता. अर्थमंत्री ग्लॅडस्टनने तो उठवला १८५३ मध्ये.

काचेवरचा १७४६ चा कर वजनावर होता. इंग्लिश पेले हलके झाले, नाजूक झाले, नक्षी खोल कोरण्याऐवजी वरवरची झाली. आयर्लंडमध्ये हा कर नव्हता, तेव्हा इंग्लंडचे कारागीर तिकडे गेले आणि १७८३ मध्ये वॉटरफर्डला जड, खोल कोरीव काचेचा कारखाना निघाला. त्या काचेचं जगभर गाजलेलं वैभव काही अंशी इंग्लिश करवसुलीची देणगी आहे. १८४५ मध्ये काचेवरचा कर गेला आणि सहाच वर्षांत लंडनच्या हाइड पार्कमध्ये सुमारे तीन लाख काचांचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. कर असता तर त्या इमारतीची कल्पनाही खर्चाच्या पहिल्याच पानावर मेली असती. छापील भिंत-कागदाचं तर विचारूच नका. लोक कोरा कागद आणून त्यावर हाताने नक्षी काढून घेऊ लागले. आणि १८०६ मध्ये त्या कागदावरचा कराचा शिक्का बनावट करणं हा देहदंडाचा गुन्हा ठरला.

मिठावरचा कर १८०५ मध्ये बुशेलमागे पंधरा शिलिंग होता, मीठ बनवायच्या खर्चाच्या कित्येक पट. १८२५ मध्ये तो साफ रद्द झाला आणि चेशरचं मीठ लिव्हरपूलच्या जहाजांतून कलकत्त्याला येऊ लागलं. इकडे हिंदुस्थानात मात्र उलटी गंगा. मुंबई इलाख्यात १८३७ मध्ये मिठावर मणामागे आठ आणे एक्साइज बसला. १८४४ मध्ये तो एक रुपया केला तेव्हा सुरतेत दुकानं बंद झाली, जमाव रस्त्यावर आला, आणि सरकारला बारा आण्यांवर उतरावं लागलं. दांडी आणि शिरोडा यांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. १८९६ मध्ये तर मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के एक्साइज लावला गेला. सहसा असा कर तिजोरी भरायला लावतात. इथे तो लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईची स्पर्धा जड जाऊ नये म्हणून होता. टिळकांनी त्याविरुद्ध रान उठवलं, पुण्याकडे विलायती कापडाच्या होळ्या झाल्या. तो कर जायला १९२५ उजाडलं.

गेजरच्या पिशवीतलं एक उपकरण मात्र आपल्याकडे येऊन कायमचं स्थायिक झालं. दारू किती कडक आहे हे ठरवायचं तर ती पाण्यापेक्षा किती हलकी आहे हे मोजावं लागतं. बार्थोलोम्यू साइक्स या एक्साइज अधिकाऱ्याने पितळी गोळ्याचा हायड्रोमीटर बनवला आणि १८१६ मध्ये ब्रिटिश कायद्याने तो प्रमाण मानला. जी दारू ५१ अंश फॅरनहाइटला तेवढ्याच पाण्याच्या १२/१३ वजनाची भरेल ती ‘प्रूफ’. आजच्या भाषेत तिच्यात सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल असतं. अबकारी खात्याबरोबर हे मापही हिंदुस्थानात आलं, आणि दारूवरचं शुल्क प्रूफ लिटरवर आकारायची पद्धत महाराष्ट्रातही रुजली. इथल्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के हा विचित्र आकडा छापलेला असतो तो त्यामुळेच: प्रूफच्या तीन चतुर्थांश कडक, म्हणून ५७.१ चे पाऊणपट. ब्रिटनने स्वतः साइक्सची पद्धत १९८० मध्ये सोडून दिली.